गुलमोहर ऑरेंज यांस भावपूर्ण श्रद्धांजली

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम
शनिवार, तूर सोंगून झाल्यावर

प्रिय बादल,

‘प्रिय’ हा शब्द सवयीनं पडला हातून. खोडला असता, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड केली की आपले गुरुजी छड्या मारायचे, म्हणून राहू दिला. त्याचा भलता अर्थ काढू नकोस. आठ महिने मी तुझ्याशी बोललेलो नाही आणि अजूनही बोलत नाही, फक्त लिहितो आहे. फोनमध्ये तुझा नंबर बंद करून ठेवलाय. तो मरेपर्यंत उघडणार नाही, असं मी हरीओमच्या हॉटेलात चार लोकांसमोर बोललो होतो आणि मी शब्द मोडणाऱ्यातला नाही. म्हणून हे पत्र तुझा चुलतभाऊ खेमा याच्या हाती देतो आहे. तो उद्याच्या ट्रॅव्हल्सनं निघेल आणि सोमवारी सकाळी पुण्यात तुझ्यापाशी पोचेल. खेमा येतो आणि मी का येत नाही, ते शेवटी सांगेन. आधी माझा राग ऐकून घे. सगळा ऐक, मधलं पान सोडून पुढं पळू नकोस. गणिताच्या पुस्तकात तू नेहमी तेच करायचास.

तुझ्या-माझ्या भांडणाचं मूळ तुला आठवत नसेल, मला आठवतं. आठवीत आपण मालेगावला कबड्डीचा सामना जिंकलो होतो. परत येताना सरांनी स्टँडवर थांबवलं आणि म्हणाले, पोरांनो, दोघांत एक थंडी बाटली. तू म्हणालास रॉकेट, मी म्हणालो गुलमोहर. रॉकेट म्हणजे ते काळं, नाकातून जाळ काढणारं. आणि गुलमोहर ऑरेंज म्हणजे आपल्याच भागातल्या एका छोट्या कारखान्यातलं, गोड, प्यायलं की संध्याकाळपर्यंत जीभ नारंगी. तू म्हणालास, “हे तं लहान्या पोराचं औषध हाये.” मी म्हणालो, “तुह्यं काळं म्हंजे इंजिनातलं ऑइल.” बस सुटेपर्यंत आपलं एकमत झालं नाही. शेवटी सरांनी लिंबू सरबत मागवलं आणि आपल्यासमोर एकट्यानं प्यायलं. तेव्हापासून पंचवीस-सव्वीस वर्षं झाली, आपल्यापैकी एकानंही माघार घेतली नाही. तुझ्या लग्नात तांड्यावर सगळ्या वऱ्हाडाला रॉकेट वाटलं गेलं, तेव्हा मी पिशवीतून माझी गुलमोहर काढून मांडवात बसून प्यायलो होतो. तुझे सासरे मला आजारी समजले होते.

तू पुण्याला गाडी चालवायला गेलास आणि भांडण मोबाइलवर आलं. रोज सकाळी सात वाजता तुझं स्टेटस: स्टिअरिंगवर हात, हातात काळी बाटली, खाली लिहिलेलं, ‘मर्दांचं पेय’. मी साडेसातला उत्तर टाकायचो: बांधावर गुलमोहर, मागे सोयाबीन, खाली ‘माणसांचं पेय’. आपल्या दहावीच्या ग्रुपवर दर रविवारी मतदान. एक्केचाळीस माणसं, त्यातली निम्मी आता चहासुद्धा बिनसाखरेचा पितात, पण मतदानाला सगळी हजर. धम्मपाल ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणून निकाल जाहीर करायचा आणि दर वेळी कोणीतरी त्याच्यावर मतं फिरवल्याचा आरोप करायचं. गुलमोहरचं फेसबुकवर पान होतं. त्याला लाइक करणारी मोजून चार माणसं. एक मी, एक कारखान्याचा मालक, आणि उरलेले दोन तूच होतास, वेगवेगळ्या नावानं शिव्या द्यायला आलेला. त्यातलं एक नाव बाईचं होतं. मी त्या बाईला आठवडाभर समजावून सांगत होतो की ताई, एकदा पिऊन तर पाहा. हे तू नंतर ग्रुपवर सगळं वाचून दाखवलंस. तरी मी रागावलो नव्हतो. उलट हसलो होतो. दिवसभर शेतात राबून घरी आलं की पाय धुवायच्या आधी तुझं काय आलंय ते पाहायचो. योगिनी म्हणायची, “बायकोचा मॅसेज दोन दिवस दिसत नाही अन् बादलभाऊचा दोन सेकंदात दिसते तुमाले.”

मग गेल्या मे महिन्यात गुलमोहरचा कारखाना बंद पडला. मालक म्हातारा झाला, पोरं अमेरिकेला गेली, संपलं. मला खरंच वाईट वाटलं. हरीओमच्या फ्रिजमधल्या शेवटच्या सहा बाटल्या मी घरी आणल्या. आणि तुला सुचली गंमत.

तुझी गंमत अशी की तू श्रद्धांजलीचा बॅनर बनवलास. आपल्याकडे कोणी गेलं की तासाभरात ग्रुपवर येतो तसाच, दोन्ही बाजूंना समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये हार घातलेली गुलमोहरची बाटली. खाली लिहिलंस, आमचे लाडके गुलमोहर ऑरेंज यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. इथवर ठीक होतं. पण तुला चैन पडली नाही. बाटलीवर जिथं कागद चिकटवलेला असतो तिथं तू माझा फोटो लावलास, माझ्या मेव्हण्याच्या लग्नातला, फेट्यातला. आणि खाली ‘शोकाकुल’ हा शब्द बारीक करून माझं नाव ठळक अक्षरात लिहिलंस. सकाळी नऊ वाजता ग्रुपवर टाकलास आणि गाडी घेऊन मुंबईच्या भाड्याला निघून गेलास. बादल, तुला एवढंही कळलं नाही की श्रद्धांजलीचा बॅनर कोणी वाचत नाही? लोक फोटो पाहतात, हार पाहतात, दोन हात जोडतात आणि पुढं ढकलतात. दहा वाजता तो आपल्या ग्रुपमधून गावाच्या ग्रुपवर गेला, साडेदहाला सोयऱ्याधायऱ्यांत, आणि अकराला मी साऱ्या मालेगाव तालुक्यात मेलो होतो.

मी तेव्हा शेतात होतो, खताची टोपली रिकामी करत. फोनची बॅटरी सकाळीच संपली होती. घरी योगिनी एकटी. बायका आल्या त्या थेट तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. तिला वाटलं तिचे वडील गेले. ती बिचारी वडिलांसाठी अर्धा तास रडली आणि बायका माझ्यासाठी, कोणी कोणाला विचारलं नाही. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी भाकरी, पिठलं आणलं. कोणीतरी तिरडीचे बांबू आणले. मी बारा वाजता डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आलो तर अंगणात शंभर माणसं आणि माझ्याच चुलत्याच्या खांद्यावर माझाच पांढरा कपडा. चुलते माझ्याकडे पाहून म्हणाले, “आला का? बस बापा, लय वाईट झालं.” मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते मटकन खाली बसले. हे सगळं तू मला विचारशील तर आज हसू येतं. बांबू परत न्यायला कोणी आलं नाही, त्यावर मी दोडक्याचा वेल चढवलाय, छान पसरलाय. पिठलंही मीच जास्त खाल्लं.

पण माय मंगरूळपीरला होती, माझ्या बहिणीकडे. भाच्यानं फोन तिच्यासमोर धरला. तुला माहीत आहे, तिला वाचता येत नाही. तिनं फक्त माझं तोंड पाहिलं आणि हार. शेलूबाजारवरून मालेगाव, मालेगावहून मेडशी, दोन बसमध्ये ती माझं नाव घेऊन ओरडत आली. मागून बहीण. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही म्हणे. मालेगावला बस बदलताना पायरीवरून तिचा तोल गेला आणि ती उजव्या हातावर पडली. घरी आली, मला पाहिलं, आधी एक मुस्काटात मारली आणि मग दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपत बसली, किती वेळ कोण जाणे. तिचं मनगट मोडलं होतं आणि तिला ते संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. त्याच मोडक्या हातानं तिनं मला मारलं होतं. आता हाड जुळलंय, पण वाकडं. भाकरी थापता येत नाही तिला. तू कितीदा शाळेतून परस्पर आमच्या घरी येऊन त्या भाकरी खाल्ल्या आहेस, ते मी लिहीत बसत नाही. तुझं तुला आठव.

आणि संध्याकाळी तुझा फोन आला. हसत. तुला बॅनरचा गोंधळ कळला होता, मायचा हात कळला नव्हता. तू म्हणालास, “काहून रे इंद्र्या, मेला नाही का अजून?” त्या वेळी मी मायला हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन बसलो होतो. मी फोन कापला. नंबर बंद केला, ग्रुप सोडला आणि दुसऱ्या दिवशी हरीओमच्या हॉटेलात म्हणालो की या माणसाला त्याच्याच मापानं परत देईन तेव्हाच माझं नाव इंद्रभान. जशास तसं. तू माझ्या मायला रडवलंस, मी तुझ्या आईला रडवीन. हे शब्द माझेच आहेत. मला त्यांची लाज वाटली नव्हती तेव्हा.

जूनमध्ये तुला म्हशीसाठी फोन येत होते ना? ‘दुभती म्हैस, शांत स्वभाव, तातडीनं देणे आहे’, खाली तुझा नंबर. ती जाहिरात मीच टाकली होती. सत्तरएक फोन आले आणि एक माणूस सांगलीहून टेम्पो घेऊन तुझ्या दारात उभा राहिला, हे खेमानं सांगितलं. मला दोन दिवस बरं वाटलं. पण म्हैस म्हणजे काही मायचा हात नव्हे. मी रोज नवीन काही ठरवायचो. औत हाकताना, सोयाबीन काढताना, डोक्यात तूच. इतका विचार मी लग्नाआधी योगिनीचाही केला नव्हता.

सगळ्यात जास्त चीड मला मायची आली. ती तुझ्यावर रागवायला तयारच नाही. हात गळ्यात अडकवलेला आणि वर म्हणते, “बादलनं तुह्यं आयुष्य वाढोलं.” तिचं म्हणणं तुला माहीत असेल, तांड्यावरही म्हणत असतील. जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी गेली आणि त्याच्यासाठी कोणी खरं रडलं की त्याचं मरण टळतं. तिच्या मामाच्या डोक्यावर एकदा कावळा बसला होता. कावळा डोक्याला शिवला म्हणजे अपशकुन, माणूस वर्षात जातो. म्हणून घरच्यांनी मुद्दाम मामा गेल्याची तार त्याच्या बहिणींना केली. त्या रडत-ओरडत आल्या, मामा ओसरीत बसून पान खात होता. नंतर तो मामा नव्वदीपार जगला आणि त्या बहिणी त्याच्या आधी गेल्या. माय ही गोष्ट हात शेकताना मला दर चार दिवसांनी सांगायची. मी चिडायचो. दहावीला विज्ञानात मला तुझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

त्यात ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो आणि विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. ओल्या हातानं उघडली. फेकला गेलो तो चिखलात जाऊन पडलो, हातावर एक काळा डाग, बाकी काही नाही. वायरमन म्हणाला की भाऊ, यात माणूस राहत नाही. मायनं देवापुढं नारळ फोडला आणि अर्धी वाटी खोबरं बाजूला ठेवलं, “हे बादलचं.” मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक वेळ आली, एवढंच. ती म्हणाली, “तुह्या डोक्यात राग बसला हाये, कावळ्याहून वाईट.” खोबरं मीच खाल्लं, रागानं.

तू माफी मागितलीस, तेही मला ठाऊक आहे. खेमाच्या हाती मायला शाल पाठवलीस, ती मायनं घेतली, मी परत करणार होतो. ग्रुपवर व्हिडिओ टाकलास. धम्मपाल मुद्दाम मालेगावहून आला मला दाखवायला. मी म्हटलं, मला पाहायचा नाही. मग पाहिला. कुठल्याशा दुकानासमोर उभा राहून तू ऑरेंज पीत होतास, गुलमोहर नाही, दुसरंच काहीतरी, पण ऑरेंज. अख्खी बाटली. आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणालास, “इंद्रभान, तू जितला. मायचा हात माह्या डोक्यावर हाये असं समजतो.” मी धम्मपालला म्हटलं, पुन्हा लाव, आवाज नीट आला नाही. आवाज नीट आला होता. मला तुझं तोंड पुन्हा पाहायचं होतं, कारण ते सुजल्यासारखं दिसत होतं आणि बाटली संपवताना तू दोनदा थांबून दम घेतला होतास. रॉकेटची बाटली एका दमात रिकामी करणारा माणूस. तेव्हाच मी फोन करायला पाहिजे होता. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसं झालं माझं. हे मी लिहून देतो आहे, जपून ठेव, पुन्हा कबूल करणार नाही.

मागच्या शुक्रवारी तुझ्या घरून शीलावहिनीचा योगिनीला फोन आला. तुझ्या हृदयाची झडप खराब झाली आहे, बुधवारी अकराला ऑपरेशन आहे आणि डॉक्टर म्हणाले की उशीर झालाय, फार भरवसा धरू नका. योगिनी हे मला चुलीपाशी उभी राहून सांगत होती आणि मी तिच्यावरच ओरडलो. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, त्याला सांग, असं चालणार नाही. माझा सूड बाकी आहे. आधी माझं देणं घे आणि मग कुठं जायचं तिकडं जा. मी इतका चिडलो की आमची पोरगी संस्कृती अभ्यास सोडून बाहेर आली. आजवर तू मला पुष्कळदा फसवलंस, पण हे सगळ्यांत वाईट होतं. भांडण अर्धवट टाकून पळून जायचा तुझा बेत मला अजिबात मान्य नाही.

परवा तांड्यावर गेलो. तुझ्या आईला मी लहानपणापासून तुझ्यासारखंच याडी म्हणतो, आणि आठ महिने मी त्या वाटेनं गेलो नव्हतो. याडी ओट्यावर सूप घेऊन बसली होती, तूर पाखडत. खेमाची बायको हळूच म्हणाली, तीन दिवस झाले, तीच तूर पाखडते आहे, त्यात आता खडाही नाही आणि कोंडाही नाही. डोळे कोरडे. आजूबाजूचं प्रत्येक माणूस तिला सांगून जातं की भुरीबाई, रडू नको, जित्या माणसासाठी रडू नये, वाईट असते. आणि ती ऐकते. मला पाहून म्हणाली, “आला का रे? तुह्यं त्याचं भांडन मिटलं का?” मी म्हटलं, नाही याडी, मिटवायलाच आलोय. आणि मी तिला माझा बेत सांगितला. त्याआधी मी मायला विचारून घेतलं होतं की बातमी खोटी आहे हे रडणाऱ्याला माहीत असलं तर चालतं का. माय वाकड्या हातानं कणीक मळायचा प्रयत्न करत होती, वर न पाहता म्हणाली, “बातमी खोटीच असते बापा. रडनं खरं पाह्यजे.” ते मी याडीला सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि इतकंच विचारलं, “मंग मले रडता येईन ना?”

तेव्हा आता नीट ऐक, हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं आहे. बुधवारी सकाळी दहा वाजता तू मरणार आहेस. धम्मपालनं बॅनर तयार करून ठेवलाय. दोन समया, हार, मध्ये गुलमोहरची बाटली, माझ्याकडच्या सहांपैकी उरलेल्या शेवटच्या बाटलीचा फोटो, आणि तिच्यावर तुझं तोंड. खाली ठळक अक्षरात: ‘जाताना त्यांनी मान्य केले की ऑरेंजच भारी होते’. शीलावहिनीला, तुझ्या बहिणीला, ज्यांना धक्का बसेल त्या सगळ्यांना योगिनीनं आधीच सांगून ठेवलंय, कारण मी तुझ्यासारखा गाढव नाही. बाकी ग्रुपवाले रडले तर रडू दे. दहा वाजता मी, माय आणि याडी तुझ्या ओट्यावर बसू, म्हणून मी पुण्याला येत नाही. याडी रडेल, माय रडेल, आणि मीही रडणार आहे बादल, मला नाटक करावं लागणार नाही. आठ महिन्यांपूर्वी बोललो होतो की तुझ्या आईला रडवीन, तो शब्द मी पाळतो आहे. दुसरा मोडतो. बुधवारी दहाला तुझा नंबर उघडतो. शुद्धीवर आलास की शीलावहिनी तुला बॅनर दाखवेल. तो पाहून तू चिडशील, ऑरेंजसाठी, मला माहीत आहे तू किती चिडशील. मग फोन कर आणि तोंडाला येतील त्या शिव्या दे, मी एकही परत करणार नाही. तू चिडल्याशिवाय माझा सूड पुरा होत नाही. ती शेवटची बाटली मी फोडलेली नाही, मायच्या कणकेच्या डब्याशेजारी ठेवली आहे. आपल्या दोघांत एक.

शिव्यांची वाट पाहणारा, तुझाच,
इंद्रभान